मोरीच्या पाण्याची बाजू

आमच्या सोसायटीत सध्या पाइप बदलायचं घाटतं आहे. चाळीस वर्षांपूर्वीची तीन मजली इमारत. मागच्या भिंतीवरून बिडाचे दोन पाइप शेजारी शेजारी खाली उतरतात, जाडा संडासाचा आणि बारका मोरीचा. दोन्ही गंजलेत, पावसाळ्यात भिंत ओल धरते, तेव्हा ते बदलायला हवेत यावर सगळ्यांचं एकमत आहे. वाद पुढचा आहे. कंत्राटदाराने दोन्हींच्या जागी पीव्हीसीचा एकच जाड पाइप सुचवला, स्वस्त पडतो म्हणून. आम्ही काही जणांनी म्हटलं, मोरीचा पाइप वेगळाच राहू द्या, तळाशी एक व्हॉल्व्ह बसवा आणि आंघोळीचं-धुण्याचं पाणी मागच्या बागेला सोडा. त्यावर एका वडीलधाऱ्या सभासदांनी, जे स्वतः निवृत्त अभियंते आहेत, चार पानी पत्रक काढून घरोघरी वाटलं. भाषा सभ्य आहे, मुद्दे विचार करून मांडलेत. सभेत दोन मिनिटांत त्यांना उत्तर देणं मला योग्य वाटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पत्रकातला सगळ्यात वजनदार मुद्दा शेवटच्या पानावर आहे, आणि मी सुरुवात तिथूनच करते. ते लिहितात, हे पाणी वाया जातच नाही. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे उजनीत जातं. महापालिका मुंढव्याच्या जॅकवेलमधून प्रक्रिया केलेलं पाणी जुन्या मुठा कालव्यात उचलून सोडते, त्यावर खालच्या शेतकऱ्यांची पिकं उभी राहतात. आपण ते पाणी बागेत जिरवलं तर दौंड-इंदापूरच्या वाट्याचं पाणी आपण खाल्लं असं होईल.

हा मुद्दा ऐकून आमच्या बाजूचे दोघे-तिघे गप्प बसले. मीही दोन दिवस अस्वस्थ होते. मग कागद-पेन्सिल घेऊन बसले. आज आमची बाग काय पिते? खडकवासल्याचं पाणी. तेच पाणी जे पानशेत, वरसगाव, टेमघरमधून येतं, शुद्धीकरण केंद्रातून जातं, क्लोरिन घेतं, पंपाने वर चढतं आणि मग नळीने जास्वंदीच्या बुंध्याशी ओतलं जातं. झाडाने प्यायलेलं हे पाणी पानांतून हवेत जातं, ते उजनीला कधीच पोचत नाही. बागेला दिवसाला 750 लिटर लागतात असं धरा. आज धरणातून 750 लिटर जास्तीचे येतात आणि बाग ते पिऊन टाकते. उद्या तेच 750 लिटर मोरीच्या पाइपातून घेतले तर गटारात 750 लिटर कमी जातील हे खरं, पण धरणातूनही 750 लिटर कमी उचलले जातील. शेतकऱ्याच्या हिशेबात एका थेंबाची खोट येत नाही. उलट त्याला गटारातून फिरून येणाऱ्या पाण्याऐवजी धरणात राहिलेलं निर्मळ पाणी मिळण्याची शक्यता उरते. ज्यांना उजनीच्या पाण्याचा रंग आणि वास ठाऊक आहे, ज्यांचे नातेवाईक सोलापुरात तेच पाणी पितात, त्यांना या दोन पाण्यांतला फरक समजावून सांगायला नको.

एक अट मात्र मान्य करायला हवी. फुकटचं पाणी मिळालं म्हणून बाग दुप्पट केली, हिरवळीचा गालिचा अंथरला, तर पत्रक काढणाऱ्या काकांचा आक्षेप खरा ठरेल. तेव्हा आपण खरोखरच खालच्याचं पाणी पिऊ. म्हणून आमच्या प्रस्तावात बागेचा एक वाफाही वाढवलेला नाही.

आणि 'प्रक्रिया होऊन परत मिळतंच' या भरवशाबद्दल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020-21च्या आकड्यांनुसार देशातल्या शहरांत रोज 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होतं आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होत होती ती 20,236 दशलक्ष लिटरवर. म्हणजे शंभर लिटरमधल्या बहात्तर लिटरांना कुणी हातही लावत नव्हतं. आंघोळीचं पाणी तसं सौम्य असतं. ते संडासाच्या पाण्यात मिसळलं की सगळंच मैलापाणी होतं आणि सगळ्यावरच मोठी प्रक्रिया करावी लागते. जुन्या बांधकामात दोन वेगळे पाइप होते ते उगाच नव्हते. निदान तळाच्या चेंबरपर्यंत ही दोन पाणी एकमेकांना शिवत नसत. एका पाइपचा खर्च वाचवायला आपण तेवढंही अंतर पुसून टाकणार आहोत.

आता जमिनीचा मुद्दा. पत्रकात म्हटलंय, साबणाच्या पाण्याने जमीन चोपण होते. होते. मी हे नाकारणार नाही, कारण माझ्या घरात ते घडलेलं आहे. 2015च्या पावसाने दगा दिला आणि पुण्यात दिवसाआड पाणी सुरू झालं, तेव्हा गॅलरीतल्या कुंड्या जगवायला मी वॉशिंग मशीनचं पाणी बादलीत धरून घालू लागले. आईने लावलेला अनंत होता. आधी कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला. मग कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरली. वरची माती इतकी घट्ट झाली की पाणी घातलं तर ते तसंच तरंगत राहायचं. अनंत गेला. त्याच पाण्यावर खाली जमिनीतली कर्दळ आणि केळ मात्र माजली होती, आणि हा फरक का, ते समजून घ्यायला मला पुढे बराच काळ लागला.

धुण्याच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो, भरीला सोडियम सल्फेट असतं. काळ्या मातीचे बारीक कण कॅल्शियममुळे एकमेकांना धरून राहतात आणि माती रवाळ राहते. सोडियम वाढला की ती पकड सुटते, कण विस्कटतात, मातीतली छिद्रं बुजतात. पावसात चिखल आणि उन्हात वीट, हीच चोपण जमीन. कुंडीत हे झपाट्याने होतं, कारण तिथे क्षार धुऊन खाली न्यायला वाव नसतो. त्यातून अनंतासारख्या झाडाला आम्लधर्मी माती लागते, सोड्याने ती विम्लधर्मी होते आणि मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. मोकळ्या जमिनीत चित्र वेगळं असतं. तिथे पुण्याचा सातशे मिलिमीटर पाऊस दरवर्षी चार महिने क्षार खाली लोटत असतो.

पत्रकात सांगली-कोल्हापूरच्या क्षारपड जमिनींचा दाखला दिला आहे. माझं माहेर त्याच पट्ट्यातलं, त्यामुळे हा दाखला मला फार लागला. त्या जमिनी साबणाच्या पाण्याने मेलेल्या नाहीत. नदीचं चांगलं पाणी, उसाला, निचऱ्याची सोय न करता, वर्षानुवर्षं पाटाने भरत राहिल्याने त्या मेल्या. भूजल वर आलं, त्याबरोबर क्षार वर आले आणि पांढरे फुटले. ज्यांच्या शेतावर ते घडलं त्यांना विचारा, ते निचऱ्याचं नाव घेतील, पाण्याच्या जातीचं नंतर. त्या जमिनींवरून घ्यायचा धडा एवढाच की पाणी मोजून द्यावं आणि त्याला खाली वाट ठेवावी.

म्हणून प्रस्तावात काय आहे ते नीट वाचावं अशी विनंती आहे. हे पाणी कुंड्यांना जाणार नाही. पालेभाज्या, मुळा, गाजर, कच्चं खायचं काहीही या पाण्यावर घेतलं जाणार नाही. स्वयंपाकघराच्या सिंकचा पाइप आपल्याकडे दुसऱ्या बाजूने उतरतो, ते तेलकट, खरकटं पाणी यात मुळातच नाही. मोरीचं पाणी आधी खडी आणि विटांच्या तुकड्यांच्या टाकीतून जाईल, तिथे केस आणि कपड्यांचे तंतू अडकतील. पुढे जमिनीखाली भोकांच्या पाइपातून, पालापाचोळ्याच्या आच्छादनाखाली, केळी, नारळ, कर्दळ, कडुनिंब, बांबू आणि कुंपणाच्या मेंदीच्या मुळाशी. कुठेही फवारा नाही, कुठेही साठवण नाही. पावसाळ्यात व्हॉल्व्ह गटाराकडे फिरवायचा. घरात कुणी जुलाबाने आजारी असेल, तान्ह्या बाळाची दुपटी धुवायची असतील, तर त्या दिवसांतही गटाराकडे. पाणी वळवायचं ते एकाच लाइनचं, आणि त्या लाइनवरच्या तीनही घरांनी होकार दिला आहे. त्यातलं एक घर माझं.

घाणीविषयी मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण पत्रकातलं 'सुशिक्षित वस्तीला शोभत नाही' हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचलं. कोकणात कुणाच्याही जुन्या घराच्या मागल्या दारी जा. न्हाणीघराची पन्हळ जिथे सुटते तिथे अळू असतो, त्यापुढे केळ, आणि जरा लांब एखादा माड, जो बाकीच्या माडांपेक्षा दोन पेंडी जास्त धरतो. गोव्यात तेच, देशावर तेच. देशावर माडाच्या जागी कर्दळ आणि पपई. ही माणसं अडाणी नव्हती. पाणी विहिरीतून रहाटाने ओढून, कळशीने वाहून आणलेलं असे. ते एकदाच वापरून सोडून देणं त्यांना परवडणारं नव्हतं. आजही प्लंबर बाथरूमच्या जाळीखालच्या भांड्याला 'नहाणी ट्रॅप' म्हणतो. घरातून न्हाणी गेली, तिचं नाव एवढ्यापुरतं उरलं.

त्या काळचं पाणी वेगळं होतं, हे काकांचं म्हणणं मला मान्य आहे. भांडी राखेने घासत, केस शिकेकाई-रिठ्याने धूत. राखेत पोटॅश असतं, सोडियम फारसा नसतो. त्यामुळे 'आजी करायची म्हणून आपण करू' असं म्हणणाऱ्या आमच्याच बाजूच्या लोकांना मी थांबवलं आहे. आजीच्या पाण्यात आजची पावडर नव्हती. पण यातून निघतं ते एवढंच की आज आपल्याला कपड्यांना पावडर किती आणि कुठली घालतो ते बघावं लागेल, आंघोळीच्या पाण्याने ते पातळ होऊ द्यावं लागेल, आणि वर्षातून एकदा माती हातात घेऊन तपासावी लागेल. आंघोळीच्या पाण्यात रोगजंतू असू शकतात हेही खरं. म्हणूनच ते साठवायचं नाही. एक दिवस जरी डब्यात राहिलं तरी त्याला वास सुटतो, हे मी अनुभवाने सांगते. मातीत लगेच मुरलं तर मातीतले जिवाणू त्याची व्यवस्था लावतात.

डासांची भीती बिनबुडाची नाही. गेल्या वर्षी आपल्या विंगमध्ये दोघांना डेंग्यू झाला, त्यातलं एक मूल होतं. पण डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरची झाकण नसलेली टाकी. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, आणि तेवढे दिवस पाणी उघडं उभं राहावं लागतं. आच्छादनाखालून दहा मिनिटांत मुरणाऱ्या पाण्यात त्याला जागा कुठे आहे? घाण पाण्यात वाढणारे डास वेगळे, आणि ते वाढतात उघड्या, तुंबलेल्या गटारात. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने हेच ओळखलं. घराघराचं सांडपाणी उघड्या नालीत सोडण्याऐवजी प्रत्येक घरापाशी शोषखड्डा घेतला. साधारण चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, आत भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड आणि खडी. नाल्या कोरड्या पडल्या, डास हटले आणि पाणी जमिनीत मुरू लागलं. तोच खड्डा पुढे 'मॅजिक पिट' म्हणून जिल्हाभर गेला. सांडपाणी मातीला देणं हा त्या गावाचा डासांवरचा इलाज होता. आपल्या पत्रकात तेच डासांचं कारण म्हणून आलं आहे.

राहिला 'वाचतं ते नगण्य' हा मुद्दा. काका अभियंते आहेत, म्हणून त्यांच्याच पाठ्यपुस्तकातली फोड घेते. माणशी रोज 135 लिटर, त्यातले आंघोळीला 55 आणि कपड्यांना 20. त्या लाइनवरच्या तीन घरांत मिळून दहा माणसं राहतात. दहा माणसांचे 750 लिटर झाले. मागची बाग साधारण दीडशे चौरस मीटर आहे, कडक उन्हात झाडीला चौरस मीटरमागे रोज पाचेक लिटर लागतात. तेही 750च. एका लाइनवर अख्खी बाग भागते. पावसाळा सोडून आठ महिने धरले तर 1,80,000 लिटर होतात, म्हणजे दहा हजारी अठरा टँकर. दर मे महिन्यात टँकरच्या बिलावरून आपण एकमेकांशी भांडतो, याची इथे आठवण करून द्यायला मला वाईट वाटतं.

पत्रकात यापेक्षा पावसाचं पाणी साठवा असंही सुचवलं आहे. जरूर मुरवावं, बोअरला त्याचा उपयोग होईल. पण बागेचा प्रश्न त्याने सुटत नाही. आपल्या तीनशे चौरस मीटर गच्चीवर वर्षाला दोन लाख लिटरच्या आसपास पाऊस पडतो, तो सगळा चार महिन्यांत. मेपर्यंत पुरवायचा तर वीस टँकर मावतील एवढी टाकी बांधावी लागेल. मोरीचं पाणी रोज सकाळी येतं आणि रोज लागतं. त्याला टाकीच नको.

पुढे ते म्हणतात, राज्याचं पाणी ऊस पितो, आपण बादल्या मोजून काय साधणार? उसाबद्दल ते बरोबर आहेत. लागवडीच्या चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस राज्याच्या सिंचनाच्या पाण्यातला सुमारे 70 टक्के वाटा घेतो, असं कृषिमूल्य आयोगानेच नोंदवलेलं आहे. पण मग 2016चा एप्रिल आठवा. मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोचली तो आठवडा. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले, कारण मैदानाच्या हिरवळीला पाणी कुठलं द्यायचं हा प्रश्न उभा राहिला होता. तेव्हाही लोक म्हणालेच, मैदानावरच्या पाण्याने लातूरची तहान भागणार आहे का? भागणार नव्हती. तरीही प्रश्न योग्य होता. माणसं रेल्वेच्या वाघिणीकडे डोळे लावून बसलेली असताना गवताला पिण्याचं पाणी का, एवढाच तो प्रश्न. आमची मागणीही तेवढीच आहे. उसाचं राजकारण ऊस पिकवणाऱ्या आणि गाळणाऱ्या गावांत, विधिमंडळात लढावं लागेल, आणि मी माहेरी गेले की ते भांडण भांडते. इथे माझ्या हातात हा पाइप आहे.

ज्या आक्षेपाला मी खरोखर घाबरते तो पत्रकात कुठेच नाही. पाणी वाचवा म्हणणाऱ्या बहुतेक घरांत ते पाणी कोण उचलतं? 2016च्या त्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीत पाणी वाचवण्याचं पुष्कळ कौतुक झालं. पंधरा लिटरची बादली म्हणजे पंधरा किलो. ती बाथरूममधून गॅलरीत, गॅलरीतून जिन्याने बागेत कुणी नेली? मी नेली, शेजारच्या वहिनींनी नेली, आणि सगळ्यात जास्त नेल्या त्या तीन घरची धुणीभांडी करून आमच्याकडे येणाऱ्या मावशींनी, ज्यांच्या वस्तीत तेव्हा सार्वजनिक नळावर हंड्यांची रांग असायची. त्यांच्या कंबरेवर आमचा जास्वंद फुलला. हे मला तेव्हा दिसायला हवं होतं. 750 लिटर म्हणजे पन्नास बादल्या. त्या रोज वाहून न्या असं जर कुणी सुचवत असेल, तर मी स्वतः काकांच्या बाजूने मत देईन. म्हणूनच मी बादलीची बाजू सोडली आणि पाइपची धरली. पाणी वरून खाली आपसूक उतरतंच आहे. त्याला शेवटच्या चार फुटांत डावीकडे वळवायचं, एवढंच काम आहे, आणि ते एकदाच करायचं आहे.

खर्चाचं अंदाजपत्रक मी सचिवांकडे दिलं आहे. वेगळा पाइप, व्हॉल्व्ह, गाळणीची टाकी आणि चराचं खोदकाम मिळून जे होईल ते आणि आपली टँकरची बिलं शेजारी ठेवून बघावीत. दोन उन्हाळे करून बघू. माती बिघडते असं दिसलं तर व्हॉल्व्ह कायमचा गटाराकडे फिरवू, नुकसान काही नाही. पण एकदा दोन्ही पाइप एक केले तर पुन्हा वेगळे करायला तीनही मजल्यांवरच्या बाथरूम फोडाव्या लागतील, आणि ते आपल्या हयातीत कुणी करणार नाही.

कंत्राटदार पुढच्या सोमवारी पायट बांधायला येतो आहे. सभा रविवारी सकाळी दहाला. काकांना मी आदल्या दिवशी सकाळी सात वाजता मागच्या अंगणात बोलावलं आहे. त्या वेळी सगळ्या घरांत आंघोळी चाललेल्या असतात आणि मोरीच्या पाइपला हात लावला तर आतून पाणी उतरताना कळतं. ते येतो म्हणाले आहेत.